गावातलं सांडपाणी गावातच जिरवायचं कसं? पहिल्यांदा काम हाती घेणाऱ्यांसाठी

सांडपाण्याचा विषय ग्रामसभेत निघाला की पहिली मागणी सिमेंटच्या गटाराची येते. मागणी करणाऱ्याचं काही चुकत नाही. दारातला चिखल त्याला रोज तुडवावा लागतो आणि गटार झालं की तो दारातून जातो. पण जातो कुठे? गावभरचं पाणी एकत्र होऊन गटाराच्या शेवटच्या तोंडाशी साचतं, आणि ते तोंड बहुतेक वेळा ओढ्यात किंवा उताराकडच्या वस्तीच्या दारात उघडतं. गावात ज्यांचं म्हणणं सर्वांत कमी ऐकलं जातं, त्यांच्याच वाट्याला सगळ्यांचं घाण पाणी येतं. म्हणून या लेखातला क्रम असा लावला आहे: पाणी ज्या घरात सांडतं त्याच घराच्या अंगणात ते मुरवायचं. जे तिथे मुरणारच नाही तेवढ्यापुरतं गटार करायचं. आणि गटाराच्या शेवटी शुद्धीकरणाची सोय ठरल्याशिवाय गटाराचं काम काढायचं नाही.

तुम्ही नव्याने निवडून आलेले सदस्य असा, ग्रामपंचायत अधिकारी असा, बचत गटातल्या ताई असा किंवा गावासाठी काही करू पाहणारी तरुण मंडळी, सुरुवातीला इंजिनिअर असण्याची गरज नाही. टिकाव, फावडं, मोजपट्टी, बादली आणि घड्याळ एवढं पुरतं.

आधी गावफेरी

सकाळी सात ते दहा ही फेरीची वेळ. नळाला पाणी आलेलं असतं, अंघोळी आणि धुणीभांडी चालू असतात, त्यामुळे कुठलं पाणी कुठून कुठे वाहतं ते डोळ्यांनी दिसतं. बरोबर आशाताई आणि नळ सोडणारा कर्मचारी हवाच. तापाचे रुग्ण कोणत्या आळीत जास्त निघतात ते आशाताईंना ठाऊक असतं, आणि पाइपलाइन कुठून गेली आहे ते नळवाल्याला. गावाचा साधा नकाशा कागदावर काढा आणि त्यावर विहिरी, हातपंप, बोअर, उताराची दिशा, डबकी, शौचालयांचे खड्डे, गोठे आणि गटारांची शेवटची तोंडं दाखवा. पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन गटाराच्या आतून किंवा अगदी लगत गेली असेल तर ती जागा लाल पेनाने वेगळी करा. नळाला पाणी नसताना जोडातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. बाकी सगळी कामं थांबवून आधी हे दुरुस्त करावं, इतकं ते गंभीर आहे.

हीच फेरी पावसाळ्यात एकदा पुन्हा करा. उन्हाळ्यात कोरडी दिसणारी जागा श्रावणात पाण्याखाली असू शकते.

पाणी किती, ते मोजा

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरलं आहे. डोक्यावरून हंडा आणावा लागे तेव्हा पाणी जपून वापरलं जायचं. नळ घरात आला आणि बायकांचे कष्ट वाचले, ही मोठी चांगली गोष्ट झाली. मात्र आलेल्या पाण्याच्या सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी म्हणून बाहेर पडतं, आणि त्याचा विचार नळाबरोबर फारसा कुणी केला नाही.

हजार वस्तीच्या गावात रोज ५५,००० लिटर पाणी येत असेल तर सुमारे ४४,००० लिटर बाहेर जाणार. म्हणजे ५,००० लिटरचे जवळजवळ नऊ टँकर, रोज. एवढा आकडा ऐकला की गाव हबकतं. तोच हिशेब एका घराचा मांडा: पाच माणसं, २७५ लिटर वापर, त्यातलं सुमारे २२० लिटर सांडपाणी. शौचालयाचं वजा केलं की मोरी-न्हाणीचं दीड-पावणेदोनशे लिटर उरतं. एवढं पाणी चांगल्या जमिनीतला एक खड्डा सहज पितो. काम घरोघरी वाटून घेतलं की आवाक्यात येतं ते यामुळेच.

तुमच्या गावात बोअर किंवा घरगुती मोटारी असतील तर ५५ चा आकडा धरू नका. दोन-चार घरांत बादल्या मोजून पाहा. वापर दुपटीहूनही जास्त निघू शकतो.

चार पाणी, चार वाटा

सगळं पाणी एकाच पाइपात सोडण्याची सवय सर्वांत घातक. न्हाणी, मोरी आणि धुण्याचं पाणी तुलनेने सौम्य असतं, ते शोषखड्ड्यात, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात जातं. शौचालयाचं पाणी रोगजंतूंनी भरलेलं असतं, त्याची व्यवस्था पूर्ण वेगळी. गोठ्यातलं शेण-गोमूत्र उकिरड्यावर किंवा गोबरगॅसला न्यावं. ते शोषखड्ड्यात सोडलं तर खड्डा लवकर बुजतो. पावसाचं पाणी या तिन्हींत कधीच जाता कामा नये. पत्र्यावरची पन्हाळ शोषखड्ड्यात सोडलेली दिसली तर ती त्याच दिवशी काढायला लावा, कारण एका जोरदार सरीत खड्डा भरून घाण पाणी अंगणभर पसरतं.

जमीन काय म्हणते

एका गावात उत्तम चाललेला खड्डा शेजारच्या गावात तुंबतो, याचं कारण बहुतेक वेळा माती असते. सरकारी नमुना आराखडा सगळ्या राज्याला एकच मिळतो, पण माती तालुक्या-तालुक्याला बदलते.

मुरमाड जमीन असेल तर काम सोपं. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी धरून बसते. कोकणातला जांभा पाणी भराभर घेतो, पण तेच पाणी तितक्याच भराभर शेजारच्या विहिरीला जाऊन मिळू शकतं. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या खारपाणपट्ट्यात निचरा मुळातच कमी. डोंगरउताराच्या गावांत दोन फुटांवर काळा कातळ लागतो.

म्हणून खड्डा घेण्याआधी पाणी मुरण्याची चाचणी करा. जेवढ्या खोलीवर खड्ड्याचा तळ येणार, तिथपर्यंत साधारण एक फूट रुंदीचं लहान भोक खणा. त्याच्या भिंती खरवडा आणि तळाला दोन बोटं जाड वाळू टाका. पाणी भरा आणि रात्रभर भिजू द्या. दुसऱ्या दिवशी १५ सेंटिमीटर पाणी ठेवून घड्याळ लावा आणि पाणी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते लिहा. अर्ध्या तासाच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालेल. अर्धा ते एक तास लागत असेल तर उभ्या खड्ड्याऐवजी उथळ, लांब चर घ्यावा, कारण त्यात पाण्याला टेकायला जास्त जमीन मिळते. तासाच्या वर गेलं तर त्या अंगणात पाणी मुरवण्याचा हट्ट सोडा.

रात्रभर भिजवण्याची पायरी काळ्या रानात अजिबात चुकवू नका. मे महिन्यात त्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा असतात. पाणी झपकन नाहीसं होतं आणि सगळ्यांना वाटतं, जमीन छान पाणी पिते. पावसाळ्यात भेगा मिटल्या की तोच खड्डा काठोकाठ उभा राहतो. काळ्या मातीखाली सहा-आठ फुटांवर मुरूम लागत असेल तर खड्डा तिथपर्यंत उतरवावा; गावातल्या विहीर खणणाऱ्याला विचारलं तर मुरूम कुठे आणि किती खाली आहे ते तो घरबसल्या सांगतो.

आता अंतरं. पिण्याच्या पाण्याची विहीर, हातपंप किंवा बोअर खड्ड्यापासून किमान १५ मीटर लांब असावा. जांभा आणि भेगाळ खडकात त्याहून जास्त, आणि शक्यतो खड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला. खड्ड्याचा तळ आणि भूजलाची पातळी यांत किमान दोन मीटर कोरडी जमीन हवी. पाणी गाळून स्वच्छ करण्याचं खरं काम हीच कोरडी जमीन करते. ही पातळी जवळच्या विहिरीत बघायची, आणि तीही भर पावसाळ्यातली. घराच्या पायापासून खड्डा एक-दीड मीटर दूर ठेवावा.

अंगणातला खड्डा

चार-पाच माणसांच्या घराला एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा बहुधा पुरतो. तळाशी मोठे दगड, मध्ये त्याहून लहान, वर मुठीएवढे, अशी भर करायची. त्यावर गोणपाट किंवा काटक्या आणि मग माती. विटांचे तुकडे टाकायचे तर पक्क्या भाजलेल्या विटांचेच. कच्ची वीट विरघळून चिखल होते.

पण दगडांआधी चेंबर बांधा. मोरीतून आलेलं पाणी थेट खड्ड्यात सोडलं तर भाताची शितं, तेल, राख, केस आणि साबणाचा साका दगडांवर बसतो आणि मातीची छिद्रं बुजतात. बंद पडलेले खड्डे उकरून पाहा, बहुतेकांत हाच थर सापडेल. फूट-दीड फुटाचं चेंबर पुरतं. आत येणारा पाइप वर, आणि बाहेर जाणाऱ्या पाइपाला खाली वळवलेला बेंड, म्हणजे तरंगणारं तेल आणि तळाला बसलेला गाळ दोन्ही चेंबरमध्येच थांबतात. मोरीच्या तोंडाला जाळी. चेंबरचं झाकण घरातल्या बाईला एका हाताने उचलता येईल इतकंच जड असावं. जड फरशी टाकली की ते कधीच उघडलं जात नाही.

नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातलं टेंभुर्णी गाव अशाच घरोघरच्या खड्ड्यांमुळे डासमुक्त गाव म्हणून ओळखलं गेलं, आणि ती पद्धत ‘नांदेड पॅटर्न’ किंवा मॅजिक पिट या नावाने इतर गावांत गेली. त्यात साधारण चार फुटी खड्ड्याच्या मध्यभागी सिमेंटची टाकी बसवतात आणि टाकीच्या वरच्या भागात भोकं ठेवतात. पाणी आधी टाकीत येतं, गाळ तळाला बसतो आणि निवळलेलं पाणी भोकांतून भोवतीच्या दगडांत उतरतं. टाकीतला गाळ वरून काढता येतो, त्यामुळे दगड वर्षानुवर्षं स्वच्छ राहतात.

माझं स्वतःचं मत विचाराल तर, थोडा जास्त खर्च झेपत असेल तर दगड न भरता जाळीदार विटांचं किंवा भोकं असलेल्या सिमेंटच्या रिंगांचं बांधकाम करून वर झाकण टाकावं. दगडांचा खड्डा बुजला की सगळे दगड काढून, धुऊन, पुन्हा भरावे लागतात आणि हे काम लोक टाळतात. रिंगांचा खड्डा झाकण काढून उपसता येतो.

परड्यात जागा असेल तर खड्ड्याआधीच पाणी परसबागेला द्या. केळ, कर्दळ, पपई, नारळ, शेवगा, गुरांसाठी हत्ती गवत ही झाडं हे पाणी आनंदाने घेतात. पाणी मुळांशी द्यायचं, पानांवर नाही. कोथिंबीर, मेथी, मुळा, काकडी अशा जमिनीलगतच्या किंवा कच्च्या खायच्या भाज्यांना ते अजिबात देऊ नका. धुण्याच्या सोड्याचं पाणी एकाच वाफ्यात सतत सोडलं तर माती कडक होते, म्हणून वाफे बदलत राहा.

ज्यांच्या घराला अंगणच नाही त्यांना यादीतून वगळू नका. तीन-चार घरांनी मिळून मोकळ्या जागेत एक मोठा खड्डा घ्यायचा, आणि त्याची जागा ग्रामपंचायतीने द्यायची. सार्वजनिक नळ, हातपंपाचा ओटा, शाळा, अंगणवाडी, चहाची हॉटेलं यांनाही हीच पद्धत, फक्त माप मोठं.

शौचालयाचं पाणी

दोन खड्ड्यांचं शौचालय हा खेड्यासाठी अजूनही सर्वांत चांगला मार्ग आहे. एक खड्डा भरला की वाय आकाराच्या चेंबरमधून पाणी दुसऱ्याकडे वळवायचं आणि पहिला किमान दीड-दोन वर्षं बंद ठेवायचा. त्या काळात मैल्याचं कोरडं, वास नसलेलं सोनखत होतं. दोन्ही खड्ड्यांत किमान एक मीटर अंतर ठेवा, नाहीतर चालू खड्ड्याचं पाणी झिरपून बंद खड्ड्यात जातं. न्हाणीचं पाणी यात सोडू नका.

गावात सेप्टिक टँक असतील तर एकेकाचा बाहेर जाणारा पाइप कुठे गेला आहे ते तपासा. अनेक टाक्यांचा पाइप थेट उघड्या गटारात सोडलेला आढळतो. टाकीतून बाहेर पडणारं पाणी निवळलेलं दिसलं तरी त्यात जंतू आणि जंतांची अंडी असतात. त्या पाइपाला शोषखड्डा जोडणं हे कमी खर्चात होणारं मोठं काम आहे. टाकी दोन-तीन वर्षांनी सक्शन गाडी बोलावून उपसावी, आणि गाडीवाला मैला कुठे ओततो हे ग्रामपंचायतीने ठरवून द्यावं. वाई आणि सिन्नरसारख्या लहान शहरांनी मैला गाळाची शुद्धीकरण केंद्रं उभारली आहेत. तुमच्या जवळच्या नगरपरिषदेकडे अशी सोय असेल तर तिच्याशी लेखी बोलणी करा.

टाकीत माणूस उतरवायचा नाही, कुठल्याही कारणाने नाही. आतला विषारी वायू दोन-तीन श्वासांत माणसाला बेशुद्ध करतो आणि त्याला वाचवायला उतरलेलाही जातो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांविना माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा आहे. ‘पाच मिनिटांचं काम’ म्हणून कुणी तयार झालं तरी त्याला अडवणं हे तुमचं काम आहे.

उरलेल्या पाण्यासाठी तळं किंवा कर्दळीचा वाफा

दाट गावठाण, कातळ, चिकण काळी माती यांमुळे काही घरांचं पाणी गटारातूनच न्यावं लागतं. समजा हजार वस्तीच्या गावात निम्मं, म्हणजे रोज २२,००० लिटर पाणी असं उरलं. ते आठ-दहा दिवस थांबेल असं स्थिरीकरण तळं हवं. दहा दिवसांचं पाणी २२० घनमीटर; खोली १.२ मीटर धरली तर जागा सुमारे १८५ चौरस मीटर, म्हणजे दोन गुंठ्यांच्या आत. बांध आणि वाट धरून तीन-चार गुंठे लागतील. तळं एकच मोठं न करता ओळीने तीन करावीत: पहिलं खोल, गाळ बसण्यासाठी, दुसरं उथळ, जिथे ऊन आणि शेवाळ मिळून घाण कुजवतात, तिसरं आणखी उथळ, जिथे उन्हाने जंतू मरतात. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही.

जागा कमी असेल तर गाळ बसवण्याच्या टाकीनंतर खडीचा वाफा करावा: साधारण दोन फूट खोल, तळ न झिरपणारा, त्यात खडी आणि वर कर्दळ किंवा पाणकणीस. पाणी खडीच्या आतून सरकतं, वर दिसत नाही, म्हणून डास होत नाहीत. माणशी एक ते दोन चौरस मीटर जागा धरा.

या टप्प्यावर मात्र इंजिनिअर हवाच. जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडून उतार आणि पातळ्या मोजून घ्या, तांत्रिक मंजुरी घ्या. पाण्यातली घाण मोजण्याचं एक माप म्हणजे बीओडी. प्रक्रिया केलेलं पाणी ओढ्यात सोडायचं तर बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत आणि शेतीला द्यायचं तर १०० च्या आत, हा सर्वसाधारण नियम आहे.

पैसा

हे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात घातल्याशिवाय निधी येत नाही, म्हणून आराखड्याच्या ग्रामसभेआधी तुमचा नकाशा आणि हिशेब तयार ठेवा. स्वच्छ भारत मिशनच्या २०२०-२१ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत तरतूद ठेवली होती. त्यातला ३० टक्के हिस्सा पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा होता. वैयक्तिक आणि सार्वजनिक शोषखड्डे रोजगार हमीतूनही झाले आहेत. योजनांचे टप्पे आणि दर बदलतात, तेव्हा पंचायत समितीच्या स्वच्छता कक्षातून चालू परिपत्रक हातात घेऊनच अंदाजपत्रक करा.

बांधून झाल्यावर

इथे बहुतेक गावं कमी पडतात, कारण बांधकामाला निधी असतो आणि देखभालीला नसतो. घरचं चेंबर आठवड्यातून एकदा घरच्यांनी साफ करायचं, गाळ उकिरड्यावर टाकायचा. तळ्याचा आणि वाफ्याचा गाळ मे महिन्यात, पावसाआधी काढायचा. सार्वजनिक काम ज्या कर्मचाऱ्याकडे असेल त्याला गमबूट, हातमोजे आणि वेळेवर पगार द्या. घरातला गाळ ही फक्त घरातल्या बाईची जबाबदारी ठरणार नाही, हेही ग्रामसभेत स्पष्ट बोला.

डबकी गेली की क्यूलेक्स डास कमी होतात. हे डास घाण पाण्यात वाढतात आणि हत्तीरोग पसरवतात. डेंग्यूचा एडिस मात्र स्वच्छ साठवलेल्या पाण्यात, रांजणात आणि टायरांत वाढतो. त्यामुळे खड्डे झाले म्हणून आठवड्याचा कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी करून कोरडी करण्याचा दिवस, सोडता येत नाही. हे लोकांना आधीच सांगा, नाहीतर पुढच्या वर्षी एक डेंग्यूचा रुग्ण निघाला की ‘खड्ड्यांचा काय उपयोग झाला?’ असा प्रश्न येईल.

पहिला पावसाळा संपता संपता गावातल्या सगळ्या विहिरी आणि हातपंपांचं पाणी तपासा. आरोग्य उपकेंद्रात किंवा ग्रामपंचायतीत एच-टू-एसच्या लहान बाटल्या मिळतात. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकण्याआधीचं पाणी भरायचं, २४ ते ४८ तास उबदार जागी ठेवायचं. पाणी काळं झालं तर त्यात मैल्याचे जंतू असण्याची दाट शक्यता. मग तो स्रोत पिण्यासाठी तात्पुरता बंद करून टीसीएल टाका, नमुना प्रयोगशाळेत पाठवा, आणि नकाशा उघडून त्या विहिरीच्या वरच्या अंगाला कोणता खड्डा, कोणती सेप्टिक टँक आहे ते शोधा. खड्डा जवळ निघाला तर तो बुजवून त्या घराला दुसऱ्या जागी नवा खड्डा ग्रामपंचायतीच्या खर्चाने द्या.